बचत गटाचं गणित: 200 रुपये, एक रजिस्टर आणि शेकडा दोन

शहरातल्या माणसाची बचत गटाशी गाठ पडते ती बहुतेक वेळा स्टॉलवर. मुंबईचं महालक्ष्मी सरस असो नाहीतर पुण्याची भीमथडी जत्रा. ज्वारीच्या पापड्या, कारळाची चटणी, हातशिलाईची गोधडी आणि मागे तालुका-जिल्ह्यासकट गटाचं नाव लिहिलेला फ्लेक्स. हे बघून समजूत अशी होते, की बचत गट म्हणजे बायकांनी मिळून काढलेला घरगुती उद्योग. पण विकायला म्हणून आजवर एकही पापड न लाटलेले कितीतरी गट वर्षानुवर्षं उत्तम चालू आहेत. गटाचा मुख्य व्यवहार पैशाचा असतो. पैसे गोळा करायचे, आपसांत कर्जाने द्यायचे, वसूल करायचे आणि सगळं लिहून ठेवायचं. उद्योग पुढे निघाला तर निघाला.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. गावात तीन निराळ्या गोष्टींना सरसकट ‘गट’ म्हणतात. पहिली भिशी. ठरलेल्या बायका दर महिन्याला ठरावीक रक्कम काढतात, जिची चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम मिळते, सगळ्यांचे नंबर लागले की भिशी संपते. मागे काही शिल्लक राहत नाही. दुसरा बचत गट, ज्यात पैसा साठत जातो आणि फिरत राहतो. तिसरा फायनान्स कंपनीचा गट. त्यात बचत नसतेच. कंपनीचा माणूस येतो, बायकांना एकत्र बसवतो, एकमेकींना जामीन ठेवतो आणि प्रत्येकीला कर्ज देतो. या तिसऱ्याकडे नंतर येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात जास्त रडारड तिथेच आहे.

आता खऱ्या बचत गटाचं गणित. समजा एका वस्तीवरच्या 12 बायकांनी गट केला आणि महिन्याला 200 रुपये बचत ठरवली. महिन्याला 2,400 जमतात. तीन महिन्यांत 7,200. वर्षाचे 28,800. ही रक्कम बँकेत नुसती पडून राहिली तर गट करण्यात अर्थ नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांतच पहिली कर्जमागणी येते: कुणाला बियाण्याला, कुणाला पोराच्या फीला, कुणाला सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. मागण्या जास्त आणि पैसे कमी असले, तर कुणाला आधी द्यायचं हे बैठकीत ठरतं. याला अंतर्गत कर्ज म्हणतात.

एकीला 6,000 रुपये दिले, दहा महिन्यांच्या मुदतीने, महिना शेकडा दोन व्याजाने. महिन्याला मुद्दल 600 फिटणार. पहिल्या महिन्याचं व्याज 6,000 वर, म्हणजे 120 रुपये. दुसऱ्या महिन्यात बाकी 5,400, व्याज 108. असं घटत घटत शेवटच्या महिन्यात व्याज फक्त 12 रुपये. सगळं मिळून व्याज 660 रुपये. हेच व्याज जर मूळ रकमेवरच लावत राहिले, म्हणजे दर महिन्याला 120, तर ते 1,200 होईल. दर तोच, शेकडा दोन. रक्कम जवळपास दुप्पट. कर्ज कुठूनही घ्या, पहिला प्रश्न ‘दर किती’ हा आणि दुसरा ‘घटत्या बाकीवर की सरळ’ हा विचारायचा असतो. गटात दोन-चार वर्षं बसलेली बाई हा दुसरा प्रश्न न चुकता विचारते. शिकलेल्या नोकरदारांपैकी किती जण विचारतात, ते ज्याचं त्याने आठवून पाहावं.

सावकाराकडे हेच कर्ज शेकडा पाचने घेतलं असतं तर महिन्याला 300 रुपये व्याज गेलं असतं. तिथे मुद्दल हप्त्याने घेत नाहीत, एकरकमी मागतात. म्हणजे दहा महिन्यांत 3,000 रुपये देऊनही 6,000 डोक्यावर तसेच.

शेकडा दोन म्हणजे वर्षाला 24 टक्के. बँकेच्या मानाने हा दर चढाच आहे, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. फरक एवढाच, की हे व्याज गावाबाहेर जात नाही. त्या 660 रुपयांत बाराही जणींचा वाटा असतो, प्रत्येकी 55 रुपये, आणि कर्ज घेणारीही त्या बारांतलीच एक असते. मात्र यात एक गोम आहे, जी प्रशिक्षणात फारशी सांगत नाहीत. जी बाई कधीच कर्ज घेत नाही, तिला इतरांच्या व्याजातून वाटा मिळत राहतो. जी सतत अडलेली असते, ती देत राहते. म्हणजे गटातली जरा बरी परिस्थिती असलेली बाई, अडलेल्या बाईच्या जिवावर थोडं थोडं कमावत असते. शहाणे गट हे ओळखतात आणि हातात पुरेसा निधी आला की दर दीड किंवा एकवर आणतात. दिवाळीला व्याज वाटून घ्यायचं की निधीत ठेवायचं यावरूनही दरवर्षी वाद होतो. वाटून घेतलेलं साडीला जातं, ठेवलेलं पुढच्या वर्षी कर्जाला मिळतं. दोन्ही बाजूंना त्यांचं म्हणणं असतं.

हा सगळा डोलारा रजिस्टरवर उभा असतो. बैठकीचं इतिवृत्त, हजेरी, बचत आणि कर्जाची खातेवही, रोजकीर्द, शिवाय प्रत्येकीचं स्वतःचं पासबुक. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे यांना गटाच्या भाषेत पंचसूत्री म्हणतात. ‘उमेद’ या सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने त्यात आरोग्य, शिक्षण, पंचायतीत सहभाग, सरकारी योजना आणि शाश्वत उपजीविका यांची भर घालून दशसूत्री केली. माझ्या मते पहिल्या पाचांतही शेवटचं सूत्र सगळ्यात भारी. गट फुटतात ते बहुतेक हिशेबावरून. एकटी लिहिता येणारी सचिव असते, ती लग्न होऊन किंवा बदलीच्या नवऱ्याबरोबर जाते, रजिस्टर चार महिने मागे पडतं, मग कुणी तरी म्हणतं, “मी मागल्या महिन्यात दिले होते की,” आणि तिथून पुढे बोलणं पैशावर राहत नाही, घराण्यावर जातं.

गटात बायका किती, यालाही कारण आहे. साधारण 10 ते 20. वरची मर्यादा आली ती जुन्या कंपनी कायद्यातून: वीसपेक्षा जास्त लोकांनी मिळून नफ्याचा व्यवहार करायचा तर नोंदणी लागत असे. गटांना नोंदणीच्या फेऱ्यात अडकवायचं नव्हतं, म्हणून वीसच्या आत राहा असं ठरलं आणि ते रुळलं. पण नुसता कायदाच नव्हे. वीसच्या वर बायका झाल्या की एकमेकींच्या घरची खरी परिस्थिती माहीत नसते, आणि गटात कर्ज मिळतं ते त्या माहितीवर. सातबारा नाही, पगाराची पावती नाही. “हिला दिले तर फेडेल का?” याचं उत्तर शेजारणीला बँकेच्या मॅनेजरपेक्षा नक्की जास्त माहीत असतं.

बँक या चित्रात येते ती इथे. गट सहा महिने नीट चालला, पंचसूत्री पाळली, लेखे ठीक असले, की बँक गटाच्या नावावर कर्ज देऊ शकते. एकटीच्या नावावर नाही, गटाच्या. ते कुणाला किती द्यायचं हे पुन्हा गट ठरवतो. हे मान्य व्हायला देशाला बराच वेळ लागला. कर्नाटकातल्या मायराडा संस्थेने ऐंशीच्या दशकात असे गट बांधले होते, त्या आणि तशा प्रयोगांवरून नाबार्डने 1992 मध्ये 500 गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प घेतला. आज देशात बँकेत बचत खातं असलेले गट एक कोटीच्या वर आहेत. अनेकांना वाटतं हे बांगलादेशच्या ग्रामीण बँकेवरून घेतलं. तसं नाही. ग्रामीण बँकेची सुरुवात बँकेकडून येणाऱ्या कर्जाने होते, पाच-पाच बायकांच्या तुकड्यांनी. आपल्याकडची सुरुवात बायकांच्या स्वतःच्या बचतीने होते. फायनान्स कंपन्यांचा गट मात्र त्या ग्रामीण बँकेच्या वाटेवरचा.

महाराष्ट्राला हा विषय तेव्हाही कोरा नव्हता. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये मुंबईच्या गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते खानावळवाल्या बायकांसाठी. गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या या बायका किराणा उधारीवर आणायच्या, आणि त्या उधारीचं व्याज त्यांची कमाई खात होतं. मंडळाने त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याच वर्षी राज्य सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, सुरू झालं, पण गट बांधणीचं मोठं काम त्याने नव्वदच्या दशकात हाती घेतलं.

दुसरं उदाहरण माणदेशातलं. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांतल्या अनेकींचे अंगठे होते. त्या बायका लिहा-वाचायला शिकायला बसल्या, पुन्हा गेल्या, आणि तोंडी व्याजाचा हिशेब करून दाखवायची तयारी ठेवून गेल्या. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. अंगठा करणाऱ्या बाईला गणित येत नाही हा समज किती पोकळ आहे, ते आठवडी बाजारात भाजी विकणारीकडून सुटे पैसे घेताना कळतंच.

मग 1999 मध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली. तिच्यात गटाला कर्जाबरोबर अनुदान होतं, आणि अनुदान म्हटल्यावर जे होतं ते झालं. रातोरात गट निघाले, अध्यक्ष सरपंचाची भावजय, सचिव ग्रामपंचायत सदस्याची बायको; शेळ्या किंवा म्हशी कागदावर आल्या, अनुदान खात्यात आलं, गट संपला. सगळीकडे असंच झालं असं नव्हे, पण गावोगावी “तो अनुदानाचा गट होता” हे वाक्य अजून ऐकू येतं. म्हणून 2011 मध्ये ती योजना बदलून राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं, तेव्हा सरळ अनुदान काढून टाकलं. महाराष्ट्रात हेच अभियान ‘उमेद’ नावाने चालतं. आता गटाला मिळतो तो फिरता निधी, जो वाटून खायचा नसतो, गटाच्या निधीत मिसळून कर्जाने फिरवायचा असतो. वेळेवर फेडणाऱ्या गटाला बँकेच्या व्याजात सवलत मिळते. आणि एक गोष्ट प्रत्येक गटाने पाठ करून ठेवावी: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 10 लाखांपर्यंतच्या गट-कर्जाला तारण मागता येत नाही, आणि त्यासाठी गटाचं बचत खातंही अडकवून ठेवता येत नाही. शाखेत कुणी “बचतीला हात लावू नका, कर्ज चालू आहे” म्हणालं, तर लेखी मागा.

गटांच्या वर आणखी मजले आहेत. गावातले गट मिळून ग्रामसंघ, अनेक गावांचे ग्रामसंघ मिळून प्रभागसंघ. माविमच्या रचनेत त्या जागी लोकसंचालित साधन केंद्र. वरवर ही नुसती उतरंड वाटते, पण ग्रामसंघाचं एक काम कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं नसतं. गट बहुधा वस्तीनिहाय होतात, आणि आपल्या गावांत वस्ती म्हणजे जात. मराठा आळीचा गट वेगळा, बौद्धवाड्याचा वेगळा, धनगरवस्तीचा वेगळा. ग्रामसंघाच्या बैठकीत या बायका एका सतरंजीवर येतात, एकमेकींचे हिशेब तपासतात, एकीच्या गटाला दुसरीच्या सहीने पैसे मिळतात. चहा कुणाच्या घरून येतो आणि कोण पितं, हा प्रश्न पहिल्या दोन-तीन बैठकांत हमखास असतो. काही गावांत तो सुटतो, काही गावांत बैठक कायमची शाळेत किंवा ग्रामपंचायतीत हलते.

आता पैशापलीकडचं. घराबाहेर पडायला बाईला कारण लागतं. देऊळ, हळदी-कुंकू, भजन, पाणी, दवाखाना ही चालणारी कारणं. “गटाची मीटिंग आहे” हे नवं कारण, आणि ते टिकलं, कारण त्यातून घरात पैसे येतात. नवऱ्याला हप्त्याने खत मिळतं, सासऱ्याचं दवाखान्याचं बिल भागतं. मग संध्याकाळी तास-दीड तास सून नसली तरी कुणी बोलत नाही. त्या तासात हिशेब अर्धा तास चालतो. उरलेल्या वेळात रेशनला तांदूळ कमी का आला, कुणाच्या पोरीचं लग्न अठरा व्हायच्या आत ठरतंय, कुणाच्या अंगावर वळ आहेत हे कळतं. गावातल्या मारहाणीच्या गोष्टी पोलिसांच्या आधी गटाला माहीत होतात. गट दर वेळी काही करतो असं नाही. पुष्कळदा गप्प बसतो, कारण मारणारा कुणाचा तरी दीर असतो. पण मारणाऱ्यालाही माहीत असतं की बाराजणींना माहीत आहे.

कर्ज कशाला गेलं, यावरून शहरातले लोक नाक मुरडतात. बाईच्या नावावर घेतलं आणि नवऱ्याच्या मोटारसायकलला घातलं. होतं असं, सर्रास होतं. फेडायची वेळ आली की मजुरीला जाऊन ती फेडते, आणि याला सबलीकरण म्हणायला जीभ रेटत नाही. पण कर्जाचा कागद कुणाच्या नावावर आहे याने घरातल्या बोलण्यात फरक पडतो. “पुढच्या वेळी गट देणार नाही” हे वाक्य ती आता वापरू शकते, आणि त्यात वाईटपणा तिच्याकडे येत नाही, गटाकडे जातो. आपल्याला न आवडणाऱ्या गोष्टीला नकार द्यायला गट हा भक्कम आडोसा आहे.

दारूबंदीच्या मतदानात हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. राज्याच्या नियमाप्रमाणे गावातलं परवान्याचं दुकान बंद करायचं तर आधी ठरावीक संख्येने सह्या, मग गुप्त मतदान: आडवी बाटली की उभी. मेख अशी, की झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. घरी बसलेली प्रत्येक बाई म्हणजे दुकानाच्या बाजूचं मत. अशा वेळी दारोदार जाऊन बायकांना बाहेर काढणारी तयार फळी लागते, आणि ज्या गावात गट चालू आहेत तिथे ती असते. पंचायतींत महिलांना 50 टक्के जागा झाल्यापासून गटाच्या माजी अध्यक्षा सदस्य झालेल्याही पुष्कळ दिसतात. चार लोकांसमोर उभं राहून आकडे वाचायची सवय त्यांना बैठकीतच लागलेली असते.

याच तयार फळीवर सगळ्यांचा डोळाही असतो. स्वच्छतेची फेरी काढायची, लसीकरणाला बायका जमवायच्या, कुठल्या योजनेचे अर्ज भरायचे, मंत्र्यांच्या कार्यक्रमाला बस भरायची: गटाला निरोप. गटांचं काम पाहणाऱ्या, गावातल्याच सीआरपी (कम्युनिटी रिसोर्स पर्सन) ताई तर शासनाच्या निम्म्या खात्यांच्या बिनपगारी कारकून झाल्यासारख्या धावतात. मिळतं ते मानधन, पगार नाही. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या गटांची बिलं महिनोन्‌महिने अडकल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. गटाला काम द्यावं, जरूर द्यावं, पण कामाचे पैसे वेळेवर द्यावेत ही साधी अपेक्षा आहे. सभेला खुर्च्या भरायला बोलावणं हे काम नव्हे.

आणि गटाबाहेर कोण राहतं? सगळ्यात गरीब बाई. दर महिन्याला 200 रुपये नेमाने काढणं हीच तिला न जमणारी गोष्ट असते. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी दसरा-दिवाळीनंतर निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, कारखान्याच्या फडावर कुठली बैठक आणि कुठली हजेरी? मासिक बैठकीच्या नियमाने ती दर वर्षी थकबाकीदार ठरते. काही गटांनी यावर उपाय काढलाय: परत आल्यावर एकदम भरा, दंड नाही. पण हे त्या त्या गटाच्या समजूतदारपणावर चालतं.

ती गटात नसते, म्हणून फायनान्सवाला तिच्या दारात लवकर पोचतो. तो कागद फार मागत नाही, चार दिवसांत पैसे देतो, हप्ता आठवड्याला किंवा पंधरवड्याला घेतो. एकीने नाही भरला तर बाकीच्या जणींना थांबवून ठेवतात, आणि तिच्या दारात मग त्याच बायका बसतात. एक कर्ज फेडायला दुसऱ्या कंपनीचं, ते फेडायला तिसरीचं. 2010 मध्ये आंध्रात या वसुलीने मोठा हाहाकार झाला, नोटाबंदीनंतर विदर्भातही बायका रस्त्यावर उतरल्या. 2022 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण द्यायचं, घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि वसुलीला धाकदपटशा चालणार नाही. कर्ज देतानाच व्याजदर आणि सगळे आकार लिहिलेला कागद देणं कंपनीला बंधनकारक आहे. तो मागावा.

तुमच्या ओळखीतल्या कुणाला गटात ये म्हणून बोलावणं आलं, तर तिने पहिल्याच बैठकीत रजिस्टर बघायला मागावं. दाखवायला कां-कूं झाली तर तिथूनच परतावं. खात्यावर सही कुणाकुणाची चालते, ते विचारावं. अध्यक्ष आणि सचिव एकाच घरातल्या नसलेल्या बऱ्या. व्याज घटत्या बाकीवर लावतात का, हप्ता चुकला तर दंड किती, पदाधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात का, हेही. आणि लाजेने कुणीच विचारत नाही ते आवर्जून विचारावं: गट सोडला किंवा बाई दगावली, तर तिची बचत आणि व्याजातला वाटा किती दिवसांत, कुणाच्या हातात देतात, आणि तसा ठराव कुठल्या पानावर आहे.